चार्ल्स सिटी काउंटीतील ऐतिहासिक मार्गफलक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदीच्या उत्तर तीरावरील चार्ल्स सिटी काउंटीत स्थानिक इतिहासाची नोंद करण्यासाठी रस्त्यांच्या कडेला उभारलेले धातूचे फलक. रिचमंड व विल्यम्सबर्ग या शहरांना जोडणारा राज्यमार्ग क्र. ५ या काउंटीतून जातो. त्यावरील व त्याला मिळणाऱ्या लहान रस्त्यांवरील फलकांतून सतराव्या शतकापासूनचा इतिहास वाचावयास मिळतो.

व्हर्जिनियात मार्गफलक उभारण्यास १९२७ मध्ये प्रारंभ झाला. मोटारींचा प्रसार, नव्या पक्क्या सडका आणि पर्यटनवृद्धीची निकड ही त्यामागील प्रमुख कारणे होत. सुरुवातीच्या मजकुराची जबाबदारी एच. जे. एकेनरोड या इतिहासकाराकडे होती. रुपेरी पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, माथ्यावर राज्यमुद्रा आणि मार्गानुसार दिलेले अक्षर व क्रमांक, असे फलकाचे सर्वसाधारण स्वरूप असते. वाटसरूस थोडक्या वेळात वाचता यावा म्हणून मजकूर मोजक्या वाक्यांचा असतो. सध्या हे काम राज्याच्या ऐतिहासिक साधनसंपत्ती विभागाकडे असून नव्या फलकांचा खर्च सामान्यतः पुरस्कर्त्या व्यक्ती वा संस्था उचलतात. राज्यातील फलकांची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे.

चार्ल्स सिटी ही १६३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हर्जिनियाच्या आठ मूळ काउंट्यांपैकी एक. दक्षिणेस जेम्स व उत्तरेस आणि पूर्वेस चिकहॉमिनी या नद्यांमुळे तिची जडणघडण झाली. वसाहतकाळात माणसे व माल यांची वाहतूक मुख्यतः जलमार्गाने होई. त्यामुळे तंबाखूच्या मोठ्या मळ्यांचे वाडे नदीकाठी बांधले गेले व तंबाखू तेथील धक्क्यांवरून जहाजांत चढविली जाई. आजचा राज्यमार्ग नदीपासून दूर आहे. परिणामतः अनेक फलक वास्तूजवळ नसून तिच्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी आहेत. नदीशी निगडित असलेला इतिहास रस्त्यावरून वाचावा लागतो, हे येथील फलकांचे वैशिष्ट्य होय.

जुन्या फलकांत मळेवाले घराणी, राष्ट्राध्यक्ष आणि यादवी युद्ध हे विषय ठळकपणे दिसतात. शर्ली हे सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या आईचे जन्मस्थान, तर वेस्टओव्हर हे बर्ड घराण्याचे निवासस्थान होते. बर्कली येथे डिसेंबर १६१९ मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांची तुकडी उतरली. तेथेच पुढे विल्यम हेन्री हॅरिसन (१७७३–१८४१) याचा जन्म झाला. जॉन टायलर (१७९०–१८६२) हा ग्रीनवे येथे जन्मला. १८४० च्या निवडणुकीत हे दोघे अनुक्रमे राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि पदग्रहणानंतर महिन्याभरातच हॅरिसन मरण पावल्याने टायलर राष्ट्राध्यक्ष झाला. यादवी युद्धात जुलै १८६२ मध्ये मॅक्लेलनच्या सैन्याने हॅरिसन्स लँडिंग येथे तळ दिला. जून १८६४ मध्ये ग्रँटच्या सैन्याने वेयानोकजवळ ६०० मी.हून अधिक लांबीचा तरंगता पूल बांधून जेम्स नदी ओलांडली.

वरील वाडे व मळे ज्यांच्या श्रमांवर उभे राहिले, त्या गुलामांचा इतिहास फलकांवर दीर्घकाळ गौण राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, विशेषतः त्याच्या अखेरीस, राज्यात कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी व स्त्रिया यांच्याविषयीच्या फलकांना चालना मिळाली. या काउंटीत सु. १७८० मध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या लॉट कॅरीच्या जन्मस्थानाचा निर्देश फलकाने केलेला आहे. त्याने १८१३ मध्ये स्वतःचे व आपल्या मुलांचे स्वातंत्र्य विकत घेतले. १८२१ मध्ये तो धर्मोपदेशक म्हणून पश्चिम आफ्रिकेस गेला व लायबीरियात १८२८ मध्ये मरण पावला. विल्सन्स व्हार्फ येथील तटबंदीत (फोर्ट पोकाहोंतास) २४ मे १८६४ रोजी मुख्यतः कृष्णवर्णीय असलेल्या संघीय सैनिकांनी फिट्झह्यू ली याच्या घोडदळाचा हल्ला परतविला. ६ एप्रिल १८९२ रोजी जमावाने आयझॅक ब्रँडन या कृष्णवर्णीयास काउंटीच्या तुरुंगातून ओढून नेऊन फाशी दिले. या घटनेचा फलक मात्र एकविसाव्या शतकातच उभा राहिला. येथील मूळ रहिवासी असलेल्या चिकहॉमिनी जमातीसही राज्याची मान्यता १९८३ मध्ये आणि संघशासनाची २०१८ मध्ये मिळाली.

प्रत्येक फलक दोन काळांची साक्ष देतो : घटनेच्या आणि फलक उभारणीच्या. काय घडले याबरोबरच कोणत्या पिढीस काय नोंदवण्याजोगे वाटले, हेही त्यावरून कळते. संक्षेपामुळे मजकुरात मतभेद व कारणमीमांसा यांना फारसा वाव नसतो. म्हणून एकट्या फलकास पूर्ण प्रमाण मानता येत नाही. तथापि उभारणीचा काळ लक्षात घेऊन वाचल्यास, काउंटीने आपल्या रहिवाशांपैकी कोणाची स्मृती आधी जतन केली व कोणाची उशिरा, याचा अभ्यास करण्यास हे फलक उपयुक्त ठरतात.