मुरलेले मद्य आणि मुका कुंभ : गोदाखोऱ्यातील पुराव्याचा विचार

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव आपल्या जुन्या बारवांसाठी प्रसिद्ध आहे. बारवेविषयी इतिहासाच्या अभ्यासकाला एक सोय असते. तिच्यात काय साठवीत असत, हे विचारावे लागत नाही; पाणी आजही तेथे असते. मातीच्या कुंभाची गोष्ट निराळी. त्यातील पदार्थ नाहीसा होतो आणि तुकडा तेवढा उरतो. वालूरच्या पश्चिमेस पैठण आणि दक्षिणेस तेर ही सातवाहनकालीन नगरे आहेत. येथे पाश्चात्त्य मद्य येत असे, असे विधान पुष्कळदा केले जाते. हे विधान कितपत टिकते, आणि मुरलेल्या मद्याच्या चवीविषयी त्यावरून काही सांगता येते काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथांचा पुरावा घेऊ. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या आयातीत मद्याचा निर्देश पहिल्याने येतो. त्यात इटलीच्या मद्यास विशेष मागणी असून लाओदिकेया व अरबस्तान येथील मद्येही नमूद आहेत. राजासाठी उंची मद्य वेगळे सांगितले आहे. त्याच ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या आणि तेथून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पैठण व तगर येथून गाड्यांवर लादून भडोचला काय जात असे, ते ग्रंथकार सांगतो : गोमेदासारखे खडे व कापड. उलट दिशेने मद्य आले, असे तो कोठेही म्हणत नाही. ते आपले अनुमान होय.

या अनुमानास आधार मिळतो तो नेवासे येथे. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने 1954 ते 1956 या काळात प्रवरेच्या काठी उत्खनन केले. तेथे भूमध्यसागरी बनावटीच्या, दोन कानांच्या निमुळत्या कुंभांचे तुकडे मिळाले. यांनाच अँफोरा म्हणतात. समुद्रकिनाऱ्यापासून इतक्या आत हे कुंभ पोहोचले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तथापि अशा कुंभांतून मद्याप्रमाणेच तेल व खारवलेल्या माशांचा रसही नेत असत. शिवाय पश्चिम भारतात पूर्वी रोमन मानलेले बरेच तुकडे मेसोपोटेमियातील, आतून डामराचा लेप दिलेल्या कुंभांचे असल्याचे रॉबर्टा टॉम्बर यांनी 2007 मध्ये दाखविले. हे कुंभ प्रायः उत्तरकालीन असल्यामुळे ‘सातवाहनकालीन रोमन मद्य’ हे शब्द प्रत्येक तुकड्यास लावता येत नाहीत.

आता चवीकडे वळू. गडद तांबड्या मद्याचा रंग व तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो. कोवळे असताना ते जिभेस ओढून धरते. हवेचा संपर्क अल्प राहिल्यास कालांतराने तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये एकमेकांशी जुळतात, काहींचा गाळ तळाशी बसतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि चव मऊ होते. मुरणे म्हणतात ते हेच. प्लिनीने मद्याचे चार रंग सांगितले आहेत. त्यांत रक्तवर्ण व कृष्णवर्ण असे दोन निरनिराळे आहेत. इ. स. पूर्व 121 च्या प्रख्यात हंगामाचे मद्य जवळजवळ दोनशे वर्षांनी कडवट मधासारखे घट्ट झाले होते, हेही तोच नोंदवितो. अतिवार्धक्य मद्यासही मानवत नाही. कुंभास आतून राळेचा लेप देत असल्यामुळे त्या मद्यास राळेचा वास असणार. आज नाशिक परिसरात ओकच्या पिंपात मुरविलेल्या शिराझच्या चवीवरून त्याची कल्पना करणे चुकीचे ठरेल.

मुरण्याचे ज्ञान मात्र आपल्याकडे रोमन गलबतांतून आले नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक असे भेद प्रदेशावरून केले आहेत. चरकसंहितेत नवे मद्य जड व दोषकारक, तर जीर्ण मद्य हलके, रुचकर व स्रोतसे शुद्ध करणारे म्हटले आहे. शार्ङ्गधरानेही आसवे जुनी झाल्याने गुणवान होतात, असे सांगितले आहे. तुपाने माखलेल्या मडक्यात धायटीची फुले घालून आसव मुरविण्याची रीत वैद्यांना ठाऊक होती. म्हणजे पात्राचा अंतर्लेप आणि काळ या दोहोंचे महत्त्व येथे स्वतंत्रपणे ओळखलेले होते.

रसायनशास्त्राने हा प्रश्न सुटेल काय? तुतनखामेनच्या कबरीतील कुंभाच्या अवशेषात तांबड्या द्राक्षमद्याची खूण 2004 मध्ये ओळखण्यात आली. सामान्यतः अशा तपासणीत टार्टारिक आम्ल शोधतात. परंतु मराठवाड्यात ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण चिंचेतही तेच आम्ल विपुल असते. चिंचेचे सार ठेवलेले मडकेही मद्यकुंभ ठरावयाचे! म्हणून येथे त्याच्या जोडीला तांबड्या द्राक्षाच्या रंगद्रव्याचा अवशेष सापडणे आवश्यक आहे.

सारांश, गोदाखोऱ्यात परदेशी कुंभ आले हे निश्चित, त्यांपैकी काहींत मद्य असावे हे संभवनीय, आणि मुरलेल्या मद्याची पारख येथील शास्त्रकारांस होती हे निर्विवाद होय. ही तीन विधाने एकत्र करून ‘येथील नागरिक जुने रोमन मद्य चाखीत’ असे चौथे रचणे शास्त्रास धरून नाही. उद्या सेलू वा पाथरी तालुक्यातील एखाद्या पांढरीवर विद्यार्थ्याच्या हाती असा तुकडा आला, तर त्याने तो धुण्याची घाई करू नये. स्थळ व थर यांची नोंद करून, आतील लेपास हात न लावता तो तज्ज्ञांकडे सोपवावा. मुका कुंभ बोलता होण्याची जी काही शक्यता आहे, ती त्या लेपातच आहे.