रायफल ऐनवेळी का अडकते? वरणगावच्या काडतुसापासून कारगिलपर्यंत

भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की वाटेत वरणगाव लागतं. इथल्या आयुध निर्माणीत रायफलींची काडतुसं बनतात. 2021 पासून ही फॅक्टरी पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. रायफलीच्या भरवशाबद्दल बोलताना सगळे बंदुकीकडे बघतात, पण निम्मी गोष्ट काडतुसात असते. कशी ते समजून घेऊया.

एक गोळी सुटते तेव्हा आत काय होतं?

इन्सास, एके-47 या रायफली गॅसवर चालतात. गोळी नळीतून पुढे जाताना मागचा थोडा गॅस एका छिद्रातून वर जातो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनमुळे बोल्ट फिरून उघडतो, रिकामं पितळी केस ओढून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते आणि मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये जातं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकतं. यातली एक पायरी चुकली तरी रायफल थांबते.

मग अडकतं कुठे?

- मॅगझिन: स्प्रिंग कमजोर झाली किंवा वरची कड वाकली, तर काडतूस तिरकं वर येतं.
- केस: बार उडताना पितळ फुगून चेंबरला घट्ट बसतं आणि लगेच थोडं आकसतं. पितळाचा कडकपणा चुकला किंवा चेंबर गंजलेलं असेल, तर केस आतच चिकटतं.
- गॅस: कमी पडला तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही. जास्त झाला तर सुटे भाग लवकर झिजतात.
- घाण: काजळी, धूळ आणि घट्ट झालेलं तेल.

बिघाड बंदुकीचा की काडतुसाचा?

चांगल्या फोनला भलताच चार्जर लावला तर दोष कुणाचा? व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या एम-16 चं असंच झालं. काडतुसातली बारूद बदलली, त्यामुळे काजळी वाढली आणि बोल्टचा वेगही वाढला. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, सैनिकांकडे सफाईचं सामानही पुरेसं नव्हतं. ऐन चकमकीत रायफली अडकल्या, जवान मारले गेले. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आलं, सफाईचं साहित्य आणि प्रशिक्षण मिळालं, आणि तीच रायफल भरवशाची झाली.

इन्सासचं काय झालं?

पुण्याच्या एआरडीई या संस्थेने बनवलेली 5.56 मिमीची इन्सास 1999 च्या कारगिल युद्धात वापरली गेली. तिथल्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. कारण साधं आहे. प्लॅस्टिक गार झालं की त्याची लवचिकता कमी होते आणि ते ठिसूळ बनतं. रायफलीचं पोलाद शाबूत राहिलं तरी मॅगझिन तडकली की जवानाच्या हातात उरते फक्त एकेक गोळी भरायची बंदूक.

उष्णतेचंही तसंच. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. गरम बारूद जास्त वेगाने जळते, म्हणून चेंबरमधला दाब वाढतो. एकाच काडतुसाने खान्देशच्या उन्हात आणि द्रासच्या बर्फात सारखंच काम करायचं, ही खरी परीक्षा आहे.

एके इतकी भरवशाची का?

तिच्या हलत्या भागांमध्ये मोकळी जागा जास्त असते, भाग जड असतात आणि गॅसही मुबलक मिळतो. थोडी माती गेली तरी बोल्ट तिला ढकलून पुढे जातो. शिवाय तिचं काडतूस निमुळतं असल्याने केस चटकन सुटतं. बदल्यात झटका जास्त बसतो आणि अचूकता थोडी कमी मिळते. इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही!

भरवसा मोजतात कसा?

हजारो गोळ्या झाडून किती वेळा अडकली ते मोजतात. तीच चाचणी वाळू, चिखल, पाणी, कडक ऊन आणि गोठवणाऱ्या थंडीत पुन्हा करतात. काडतुसांच्या प्रत्येक लॉटमधूनही नमुने काढून तपासतात. कारण फोन हँग झाला तर रीस्टार्ट करता येतो. सीमेवरच्या जवानाला तेवढी सवड मिळेलच असं नाही.