समजून घ्या: पुलाजवळचे फूट आणि धरणाचे क्युसेक, कृष्णेचं पाणी मोजतात कसं?

पावसाळ्यात सांगलीकरांचं लक्ष आयर्विन पुलाकडे असतं. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विनजवळचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. बातम्यांमध्ये याच्या जोडीला आणखी एक आकडा येतो, तो धरणांच्या विसर्गाचा. घर कधी सोडायचं हे ठरवताना लोक दोन्ही आकडे पाहतात. पण हे आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

फूट म्हणजे खोली नाही

मोजपट्टीचं शून्य कुठे धरायचं हे आधीच ठरलेलं असतं. तिथून पाणी किती चढलं, ती पाणीपातळी. प्रत्येक ठिकाणचं शून्य वेगळं असल्याने सांगली आणि कोल्हापूरच्या फुटांची तुलना करण्यात अर्थ नाही. केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये देतो, म्हणून त्यांचे आकडे पाचशेच्या पुढचे दिसतात.

विसर्ग कसा काढतात?

एका सेकंदात एक घनफूट पाणी वाहिलं की एक क्युसेक, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर टिकला तर ८.६४ टीएमसी पाणी पुढे जातं.

विसर्ग थेट मोजता येत नाही. नदीच्या रुंदीचे उभे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली घेतात आणि पाण्यात फिरणारं यंत्र सोडून वेग मोजतात. क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या भागांची बेरीज. आता ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणंही वापरतात. पण हे काम रोज, तासातासाला करणं शक्य नसतं, भर पुरात तर धोक्याचंच. म्हणून वर्षानुवर्षांच्या मोजणीतून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बनवतात. पातळी वाचायची आणि आलेखावरून विसर्ग काढायचा.

आलेख चुकतो तेव्हा

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. अशा वेळी पातळी वाढते, पण विसर्ग त्या प्रमाणात वाढत नाही. पाऊस थांबला तरी पाणी का उतरत नाही, याचं एक उत्तर इथे आहे. याशिवाय पुरात नदीचं पात्र खरवडलं जातं किंवा गाळाने भरतं, त्यामुळे आलेख वरचेवर तपासावा लागतो.

अलमट्टीचा वादही याच फुगवट्याचा आहे. त्या धरणाची पूर्ण जलाशय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. फुगवटा सांगलीपर्यंत पोहोचतो का, हे तपासायचं तर नुसती आयर्विनची पातळी पुरत नाही. वाटेतल्या ठिकाणांची पातळी आणि विसर्ग, दोन्ही एकाच वेळचे हवेत.

वाटपही मोजणीवरच

बचावत लवादाने कृष्णेचं भरवशाचं पाणी २,०६० टीएमसी धरलं. त्यामागे विजयवाड्याच्या १८९४-९५ पासूनच्या ७८ वर्षांच्या प्रवाहनोंदी होत्या. त्यातले ५६० टीएमसी महाराष्ट्राला मिळाले.