धूळपाटी आणि पडदा

शाळेतील साधनांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा छापखान्यापासून आरंभ करण्यात येतो, आणि संगणकापाशी येऊन तो संपतो. धूळपाटीचे नाव निघालेच तर दारिद्र्याची खूण म्हणून निघते. प्रस्तुत लेखिका अद्याप छात्राध्यापिका आहे. उद्या वर्गात उभे राहताच भिंतीवरील स्पर्शपडदा, मुलांच्या घरचे मोबाईल आणि विषय सांगताच निबंध लिहून देणारे यंत्र यांच्याशी तिची गाठ पडणार आहे. या साधनांनी मुलांच्या स्वतंत्र कल्पनेस वाव मिळेल की ती खुंटेल, हा तिच्यापुढे निव्वळ तात्त्विक प्रश्न नाही; आणि उत्तरासाठी मागे वळून पाहू लागले असता प्रथम दृष्टीस पडते ती ही धूळपाटीच.

पंतोजीच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून मुलगा बोटाने किंवा काडीने अक्षर काढी. चुकले तर हात फिरवावा, की पाटी पुन्हा कोरी! कागदाचा खर्च नाही, शाईचा डाग नाही, आणि चुकीचा पुरावाही मागे उरत नाही. तथापि या पाटीचे गोडवे गाताना थोडे जपून असावे. त्या धुळीत स्वतःच्या मनचे काही रेखाटण्याची मुभा मुलास क्वचितच असे. त्याने मुळाक्षरे गिरवावी आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत घोकावे, एवढीच अपेक्षा. साधन उदार होते. शाळा तशी नव्हती.

या वाळूतील अक्षरांनी पुढे समुद्रप्रवासही केला. १७८९ साली मद्रासेस एग्मोर येथे शिपायांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. एकदा घोड्यावरून जाताना मलबारी मुलांची एक शाळा त्याच्या दृष्टीस पडली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटांनी लिहीत होती. ही रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे त्याने मास्तरास सांगितले, पण मास्तरास ती पटेना. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर ते काम सोपविले, आणि मास्तरांनी नाकारलेली गोष्ट त्या पोराने करून दाखविली. १७९७ साली लंडनमध्ये बेलचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यानेही तेथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली व वाळूचा उपयोग केला. परंतु तेथे वाळूचे रूप पालटले. शेकडो मुले ओळीने बसत. मॉनिटरने अक्षर काढावे, सर्वांनी त्यावरून बोट फिरवावे, आणि मग कपड्यांच्या इस्त्रीसारख्या लोखंडाने वाळू सपाट केली जावी. पुसणे हेदेखील मुलाचे राहिले नाही! स्वस्तात अनेकांस साक्षर करण्याची ही युक्ती मोठी खरी, पण साधन मुलाच्या हाती देऊनही ते त्याचे होऊ न देणे कसे साधते, याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा मिळणे कठीण.

आपल्याकडे याच्या उलट वाट चोखाळणारे एक नाव म्हणजे ताराबाई मोडक. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य करीत असता १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसोरी पद्धतीचे मर्म असे की, मुलाने साहित्य स्वतः हाताळावे आणि चूक त्या साहित्यातूनच त्याच्या ध्यानी यावी. पण ते घोटीव लाकडी साहित्य श्रीमंतांच्या मुलांनाच परवडणारे. १९४५ साली बोर्डीस आल्यावर ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने जे सापडेल त्याचे साहित्य केले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सर्वतोमुखी आहे, त्याचे मूळ येथे आहे. अनुताई वाघ यांच्या साह्याने १९५७ पासून हेच कार्य कोसबाडच्या टेकडीवर चालू राहिले.

यंत्रांची भविष्ये मात्र निराळ्याच सुरात वर्तविली गेली. चलच्चित्रे आल्यावर शाळांतून पुस्तके लवकरच बाद होतील, असे एडिसनने १९१३ सालीच सांगून टाकले होते. पुस्तके आहेत तेथेच आहेत. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष भारतात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. दूरच्या खेड्यातील मुलास जग दिसले, ही काही थोडी गोष्ट नव्हे. पण पडद्यावर पुसावयाचे काहीच नसते.

याच दशकात मध्य प्रदेशात होशंगाबाद येथे एक वेगळा प्रयोग चालला होता. १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास आरंभ केला. मुले शेतात हिंडत, नमुने गोळा करीत, निष्कर्षावरून आपसांत वाद घालीत. विशेष हे की परीक्षाही बदलण्यात आली: पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावयाचा. माझ्या मते त्या प्रयोगाचा प्राण येथे होता. अरविंद गुप्ता या अभियंत्यास आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन व घनाकृती करण्याची कल्पना तेथेच सुचली. पुढे पुण्यास आयुकात बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची असंख्य खेळणी केली. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला.

याचा अर्थ यंत्र तेवढे वाईट असा कोणी घेऊ नये. सीमोर पॅपर्ट आणि त्याचे सहकारी यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तिची ठेवण धूळपाटीच्या जातीची आहे. मूल कासवास आज्ञा देते. चौकोन काढू जाता भलतीच आकृती उमटते, आणि मग आपली आज्ञा कोठे चुकली हे शोधण्यातच खरी गंमत. चूक लपवावयाची नव्हे, तर पाहावयाची वस्तू ठरते.

२०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेली संभाषण करणारी यंत्रे मात्र एकदम पक्की प्रतच पुढे ठेवतात. कच्चा खर्डा नाही, खाडाखोड नाही, अडखळणे नाही. त्यांस वर्गाबाहेर ठेवता येईल असे मला वाटत नाही, आणि ठेवण्याची इच्छाही नाही. येत्या सत्रात सरावपाठासाठी मला सातवीचा वर्ग घ्यावयाचा आहे. पाठटाचणात क्रम असा योजला आहे की, मुलांनी निबंधाचा खर्डा प्रथम हाताने लिहावा आणि खाडाखोडीसकट वहीत राहू द्यावा. मग त्याच विषयावर यंत्राने लिहिलेला निबंध पडद्यावर लावून त्यातील उणिवा काढाव्यात. आणि शेवटी आपापली दुसरी प्रत लिहावी. गुण कोणत्या प्रतीस द्यावयाचे, तो रकाना अजून कोरा आहे.