माइल एंड ते मॅक : एडिटरची कुळकथा

मंडळाच्या कार्यक्रमात आयटीवाला माणूस सापडला की त्याला हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "आमचा लॅपटॉप फार स्लो झालाय, बघतोस का जरा?" आणि दुसरा, "मुलीला मॅक घेऊन दिलाय, वेबसाइट करायला शिकायचंय तिला. कोड लिहायला कुठला एडिटर टाकू?" पहिल्या प्रश्नाला मी जेवणाच्या रांगेकडे बोट दाखवून बगल देतो. दुसऱ्याला एक नाव सांगून सुटता येतं. पण त्या नावामागे पन्नास वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या लंडनमध्येच घडला आहे. तो ठाऊक असेल तर निवड सोपी होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक खुलासा. एडिटर म्हणजे वर्ड नव्हे. वर्डच्या फाइलमध्ये अक्षरांबरोबर त्यांचा आकार, रंग, समास असं बरंच सामान भरलेलं असतं. कोडच्या फाइलमध्ये फक्त अक्षरं असतात. ती लिहायची, शोधायची, बदलायची, एवढंच एडिटरचं काम.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी 'एड' नावाचा एडिटर लिहिला. तेव्हा पडदे दुर्मीळ होते. टाइपरायटरसारख्या यंत्रावर आज्ञा टाइप करायची आणि उत्तर कागदावर छापून यायचं. त्यामुळे एड अत्यंत मितभाषी. चूक झाली की तो नुसतं एक प्रश्नचिन्ह छापतो. काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा! हा एड आजच्या मॅकमध्येही आहे. टर्मिनल उघडून त्याचं नाव टाइप केलं की आजोबा हजर होतात, तेही न बोलता.

आता लंडनचा अध्याय. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत जायचं, तिथे गाडी बदलून माइल एंडला उतरायचं. तिथल्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये (आताची क्वीन मेरी युनिव्हर्सिटी) जॉर्ज कूलूरिस शिकवत होते. त्यांच्याकडे कागदाऐवजी पडद्याचे टर्मिनल होते. पडदा समोर असताना आंधळेपणाने का लिहायचं, या विचाराने त्यांनी १९७६ च्या फेब्रुवारीत एडमध्ये बदल करून, ओळ डोळ्यांसमोर ठेवून दुरुस्त करता येईल असा एडिटर केला. त्याच सुमारास खुद्द थॉम्पसन तिथे आले होते. त्यांनी तो पाहिला आणि आपल्याला अशा गोष्टीची गरज वाटत नाही, असं सांगितलं. फाइल त्यांच्या डोक्यातच असायची. कूलूरिस यांनी मग आपल्या एडिटरचं नाव ठेवलं 'एम', म्हणजे 'एडिटर फॉर मॉर्टल्स'. देवांना नको असेल, आम्हां मर्त्य मानवांना हवाय!

त्याच उन्हाळ्यात कूलूरिस कॅलिफोर्नियात बर्कलेला गेले आणि एम बरोबर घेऊन गेले. तिथे बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने तो पाहिला. त्याने आणि चक हेली याने तो कोड घेऊन पुढे वाढवला. त्यातून 'एक्स' आणि मग पूर्ण पडदा वापरणारा 'व्हीआय' जन्माला आला. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. पडदा रंगवायलाच इतका वेळ लागे की कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम उरकणं भाग होतं. व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत त्या यामुळे. कर्सर हलवायला त्यात एच, जे, के, एल ही अक्षरं लागतात, कारण त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची चित्रं याच कळांवर छापलेली होती. टर्मिनल भंगारात गेला, सवय मात्र राहिली. पुढे ब्राम मुलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये 'विम' प्रसिद्ध केला. तो फुकट दिला आणि वापरणाऱ्यांना युगांडातल्या गरीब मुलांसाठी मदत करायचं आवाहन केलं. २०२३ मध्ये ते गेले, विम चालू आहे.

मॅकची वंशावळ सुरुवातीला वेगळी होती. १९९२ मध्ये रिच सीगल यांनी 'बीबीएडिट' आणला. त्याचा भर साध्या मजकुरावर, आणि वेब आल्यावर नेमकं तेच कामाला आलं. तेव्हा मॅक, युनिक्स आणि विंडोज यांच्यात ओळ कुठे संपते यावरही एकमत नव्हतं. तिघांची खूण वेगळी! मॅकवरची फाइल युनिक्सच्या सर्व्हरवर टाकली की पूर्ण पान एकाच लांबलचक ओळीत दिसायचं. बीबीएडिटसारखे एडिटर ही भांडणं निमूटपणे मिटवत.

मग दोन्ही घराणी एकत्र आली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला तो स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. त्या ब्राउझरमध्ये पानं वाचता येत आणि लिहिताही येत. ॲपलने १९९६ च्या डिसेंबरात नेक्स्ट विकत घ्यायचं जाहीर केलं, आणि त्याच पायावर २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं. त्याच्या पोटात युनिक्स होतं. बाहेरून देखणा मॅक आणि आत एड, व्हीआय ही सगळी जुनी मंडळी, त्यामुळे वेबवाले मॅककडे वळले.

पुढची गर्दी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २००४ मध्ये डेन्मार्कच्या ॲलन ओडगार्ड यांचा 'टेक्स्टमेट' आला. २००७ मध्ये 'कोडा', २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून 'सब्लाइम टेक्स्ट', २०१४ मध्ये गिटहबचा 'ॲटम' आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'व्हीएस कोड'. कोडाची जागा २०२० मध्ये त्याच कंपनीच्या 'नोव्हा'ने घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब विकत घेतलं आणि २०२२ च्या डिसेंबरात ॲटम बंद झाला. गंमत म्हणजे ॲटमसाठी बनवलेला 'इलेक्ट्रॉन' हा सांगाडा मात्र जिवंत आहे आणि व्हीएस कोड त्यावरच उभा आहे.

हा इलेक्ट्रॉन म्हणजे अख्खा ब्राउझर. चार ओळी टाइप करायला पोटात ब्राउझर बाळगायचा! इथे आपल्या पिनरचा हीथ रॉबिन्सन आठवतो. १९०८ मध्ये इथे राहायला आलेला हा चित्रकार, साध्या कामासाठी दोऱ्या-कप्प्यांची अगडबंब यंत्रं काढायचा. त्याचं संग्रहालय २०१६ पासून मेमोरियल पार्कमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडणाऱ्या ब्लेचली पार्कच्या एका यंत्राला त्याचंच नाव दिलं होतं. ते यंत्र बेंगरूळ दिसत असेल, पण काम करत होतं. इलेक्ट्रॉनचंही तसंच आहे. मेमरी खातो, पण ब्राउझर असल्यामुळे देवनागरी नीट दाखवतो.

आणि आपल्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे. २००० च्या आसपास मराठी संकेतस्थळं आपापले फाँट वापरत. 'शिवाजी'सारख्या फाँटमध्ये लिहिलेल्या फाइलच्या आत मराठी नव्हतंच, रोमन अक्षरं आणि चिन्हं होती. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की कचरा. आपल्यापैकी कितीतरी जणांकडे जुन्या सीडीवर स्मरणिका, कविता, आजोबांच्या आठवणी अशा अवस्थेत पडून असतील. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर, युनिकोड साठवायची 'यूटीएफ-८' पद्धत मांडली गेली. मांडणारा कोण? रॉब पाइक यांच्या सोबतीने पुन्हा तोच केन थॉम्पसन! ज्याला फाइल बघायचीही गरज वाटत नव्हती, त्याच्यामुळे आज जगभर 'दिवाळी' हा शब्द १८ बाइट्समध्ये सुखरूप पोचतो.

तेव्हा एडिटर निवडताना माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. एक, फाइल साध्या मजकुराची आणि यूटीएफ-८ मध्येच राहते ना? दोन, त्यात 'दुसऱ्या', 'क्षितिज', 'कृष्ण' असे शब्द टाइप करून पाहा. अक्षरं नीट जुळतात का, कर्सर नेमका जागेवर राहतो का? टर्मिनलच्या खिडकीत प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट असते, तिथे आपली जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात. तीन, उद्या हा एडिटर बंद पडला तर काम जसंच्या तसं उचलून दुसरीकडे नेता येईल का? ॲटम गेला तेव्हा त्यात लिहिलेली एकही ओळ गेली नाही, कारण फाइली साध्या होत्या.

एवढं पाहिलंत की नाव कुठलंही चालेल, पळसाला पानं तीनच. शिकणाऱ्या मुलांना मी व्हीएस कोड सुचवतो. फुकट आहे आणि अडलं तर सांगणारे पुष्कळ. फक्त मजकूर आणि वेग हवा असेल त्यांना बीबीएडिट, आज तिशी उलटली तरी तो ठणठणीत आहे. आणि व्हीआयच्या आठ-दहा आज्ञा तरी शिकून ठेवा. दूरच्या सर्व्हरवर रात्री-अपरात्री दुसरं कोणी मदतीला येत नाही. २०२३ पासून 'कर्सर'सारखे एआयवाले एडिटर आले आहेत, ते अर्धा कोड स्वतःच लिहितात. जरूर वापरा, पण त्यांनी लिहिलेलं वाचायला आपण मर्त्य मानवच लागतो.

या सुट्टीत एक काम मात्र नक्की करा. कपाटातली ती जुनी सीडी काढा, त्यातला मराठी मजकूर कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणा, साध्या फाइलमध्ये ठेवा आणि मुलांना त्या फाइलची जागा दाखवा. सीडी वाचणारे ड्राइव्ह नव्या मॅकमधून केव्हाच गेले आहेत, तेव्हा फार वेळ लावू नका.