तोरण्यापासून न्यूयॉर्कपर्यंत

वेल्ह्याहून तोरणा चढून बुधला माचीवर उभे राहिले, की समोर राजगड दिसतो. हात पुढे केला तर संजीवनी माचीला लागेल, असे वाटते. नकाशावर या दोन गडांत सरळ रेषेत सातेक किलोमीटरचेच अंतर आहे. पण डोंगरधारेने चालत जाणाऱ्याला विचारा! चढउतारात त्याचा जवळजवळ सारा दिवस जातो. मग खरे अंतर कोणते, पायांचे की डोळ्यांचे?

डोळ्यांचे अंतर मोजण्याची युक्ती जुनी आहे. समजा, तोरणा, राजगड आणि भोरजवळचा रोहिडा असा त्रिकोण घेतला. त्याची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. दरीत उतरावे लागत नाही. याच युक्तीने १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते पुढे निघाले. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र अर्ध्या टनाचे होते!

पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे नेमके किती अंतर, हे त्यांना शोधायचे होते. काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. यंत्रे वाहणारे, टेकड्यांवर निशाणे धरून उभे राहणारे कितीतरी खलाशी रानातल्या तापाने गेले. त्यांची नावे मात्र नकाशावर नाहीत.

या खटाटोपाचा विमानाशी काय संबंध? दोन विमानतळांमध्ये साखळी टाकता येत नाही. त्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा आणि अंशांचे किलोमीटर करायचे. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील कोन जवळजवळ ११३ अंशांचा, म्हणून अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि ती १४,००० किलोमीटरच्या पुढे भरते. सर्वांत जवळची वाट मात्र उत्तरेकडे वळून आइसलँडवरून जाते. एक दोरा घेऊन पृथ्वीच्या गोलावर ताणून पाहा, लगेच पटेल.

प्रत्यक्षात वारे, हवामान आणि बंद आकाशमार्ग पाहून वैमानिक वाट बदलतो. म्हणजे तिथेही डोळ्यांचे अंतर वेगळे आणि पायांचे वेगळेच. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने अगदी अचूक हिशेब आणखी थोडा बदलतो. आज तो संगणक क्षणात करतो.

आपल्या भागातली मुले आता सातासमुद्रापार जातात. त्यांना निरोप देऊन घरी परतताना आकाशातल्या विमानाकडे नजर गेली, तर हिंगणघाटच्या त्या समाधीची आणि निशाणे धरून उभ्या राहिलेल्या अनाम माणसांचीही आठवण ठेवू या. दूरचे अंतर मोजण्याची विद्या त्यांच्या पायपिटीवर उभी आहे.