‘स्मृतिचित्रां’ची जन्मकथा

गाणारा गावयाचा थांबला तर चार लोकांना चुकल्यासारखें होतें. पण लिहिणारा लिहावयाचा थांबला तर पुष्कळदां त्याच्या घरांतल्या माणसांनाहि तें कळत नाहीं. दौत वाळते, वह्या माळ्यावर जातात, आणि संसार पूर्वींप्रमाणेंच चालूं राहतो. हें मी अनुभवानें सांगतों. विद्यार्थीदशेंत मीं पुष्कळ कविता लिहिल्या. पुढें नोकरी लागली, आणि वीस वर्षें एक ओळ म्हणून लिहिली नाहीं. मग गांवांतल्या एका लहानशा मासिकाच्या संपादकांनीं, दरमहा दोन पानें द्याल का, असें विचारलें. मीं भिडेखातर होकार दिला. तिसऱ्या महिन्यांत भाजीबाजारांत एका अनोळखी गृहस्थानें मला थांबवून, “त्या तुमच्या मामांचें पुढें काय झालें तें येत्या अंकांत येणार ना?” अशी पृच्छा केली, आणि त्या रात्रीं मी जागून लिहीत बसलों. माझ्या त्या पानांना कांहीं मोल नाहीं. पण त्या रात्रीमुळें आमच्या नाशिकांत पूर्वीं घडलेली एक मोठी गोष्ट मला निराळ्याच बाजूनें दिसूं लागली. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

ती गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं जलालपूर म्हणून गांव आहे. तेथल्या गोखल्यांच्या घरांत १८६८ सालीं त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत हांक मारीत ती मनू. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाचें नाहीं. मीठ धुवावयाचें म्हटल्यावर त्यांतलें डब्यांत किती पडे आणि मोरींतून किती वाहून जाई, हा हिशेब आपणच करावा. अशा घरांतल्या मुलीला शाळा कोठली? वयाच्या अकराव्या वर्षीं तिचें लग्न नारायण वामन टिळकांशीं झालें. टिळक कवि होते, वक्ते होते, आणि प्रपंचाच्या बाबतींत अगदीं बेभरंवशाचे होते. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. हातीं पैसा आला कीं कोणाला तरी देऊन मोकळे. बाईंना वाचावयास शिकविलें तें या नवऱ्यानें, तेंहि स्वतःच्या लहरीप्रमाणें. जोडाक्षरांशीं बाईंचें जें वैर पडलें, तें मिटलें असें दिसत नाहीं.

पुढचा इतिहास आपल्यांतल्या बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईंत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. सुमारें पांच वर्षें नवराबायको दुरावलीं. पदरांत लहान मुलगा घेऊन बाई नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. पुढें त्या नगरास पतीकडे गेल्या, पण तेथेंहि प्रथम आपलें सोवळें सांभाळूनच राहिल्या, आणि १९०० सालीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. नगरच्या त्या घरांत कविता हा पोळीभाजीसारखा रोजचा व्यवहार होता. बालकवि ठोंबरे त्या घरांत राहून गेले. बाईहि कविता करीत; ‘करंजींतला मोदक’ ही त्यांची कविता ज्यांनीं वाचली आहे त्यांना त्यांच्या विनोदाची जात माहीत असेल. परंतु कवीच्या घरांतल्या कवयित्रीची स्थिति मोठ्या वडाखालच्या तुळशीसारखी असते. लोक येत ते टिळकांना भेटावयास. बाईंकडे चहाची आणि जेवणाची व्यवस्था.

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईंत वारले. बाईंना तेव्हां एकावन्नावें वर्ष चालूं होतें. त्यानंतर मुंबईंत मुलींच्या वसतिगृहावरील देखरेखीचें काम, मग मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर कराची, आणि अखेर पुन्हां नाशिक, असें त्यांचें भ्रमण झालें. टिळकांनीं मागें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें ठेविलें होतें. त्यांचे अध्याय दहा-अकराच झाले होते. बाईंनीं तें काम शिरावर घेतलें आणि चौसष्ट अध्याय स्वतः रचून तें पुरें केलें. ज्या बाईला शाळेचा वारा लागला नाहीं तिनें हें करावें, याचें कौतुक करावें तेवढें थोडें. तथापि, माझें मत स्पष्ट सांगावयाचें तर, तें पतीचें ऋण फेडणें होतें. विषय टिळकांचा, सांचा टिळकांनीं घालून दिलेला. त्यांत बाईंना स्वतःच्या आवाजांत बोलण्यास जागा थोडी. त्यांच्या हातीं लेखणी होती; पण ती पतीच्या दौतींत बुडविलेली होती.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. बाईंचे चिरंजीव देवदत्त टिळक यांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आईला आठवणी लिहावयास सांगितलें. म्हणजे या लेखनाचा मूळ उद्देश अगदीं साधा: चरित्रकाराला साधन पुरविणें. हीं पानें तशींच देवदत्तांच्या टांचणांत राहिलीं असतीं, तर एखाद्या चरित्राच्या तळटीपांत “मातुश्रींनीं सांगितल्यावरून” एवढाच त्यांचा मागमूस उरता. पण तीं ‘संजीवनी’ या नियतकालिकांतून हप्त्याहप्त्यानें छापलीं जाऊं लागलीं, आणि येथेंच सारा फरक पडला.

हप्त्याचें छापणें म्हणजे काय, तें ज्यानें केलें नाहीं त्याला सांगून समजणें कठीण. पुस्तक लिहिणारा मनुष्य एकटा असतो. त्याला वाचक भेटतो तो वर्षा-दोन वर्षांनीं, आणि तोंवर त्याला फोडावयाचें कीं ठेवावयाचें तें मनांतल्या मनांत ठरवावें लागतें. हप्ता लिहिणाराचें तसें नाहीं. गेला अंक लोकांच्या घरीं पोंचलेला असतो. पुढचा अंक छापखान्यांत रिकामा उभा असतो. या दोहोंच्या मधल्या थोड्या दिवसांत, सुचो वा न सुचो, कांहीं तरी सांगावें लागतें. सुरुवात रेंगाळून चालत नाहीं. प्रसंग त्याच चार पानांत उभा राहून संपावा लागतो. आणि मागच्या वेळीं काय झालें तें वाचकाला आठवत असेल असें धरून बोलतां येतें, जसें शेजारणीशीं काल अर्धवट राहिलेलें बोलणें आज पुढें चालवावें. ओसरीवर बसून गोष्टी सांगण्यांत जिचा हातखंडा, तिला छापखान्यानें याहून सोयीचा साचा दिला नसता. ‘स्मृतिचित्रें’ हातीं घेऊन पाहा: प्रकरणें आटोपशीर, प्रत्येकांत एखादी फजिती, एखादें भांडण, एखादें दुःख, आणि लगेच दुसरी गोष्ट. पुस्तक म्हणून कोणी आराखडा आंखून बसला असता तर तें असें झालें नसतें.

ही युक्ति मराठींत नवी नव्हती. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून अशीच क्रमशः आली. विलायतेंत डिकन्सचें ‘पिक्विक पेपर्स’ १८३६-३७ सालीं महिन्याच्या महिन्याला भागशः निघालें, आणि त्याची कथा तर आपल्या विषयाला फारच लागू आहे. रॉबर्ट सेमूर नांवाच्या चित्रकाराच्या चित्रांना जोड म्हणून मजकूर हवा होता, तो लिहावयास तरुण डिकन्सला बोलाविलें. चित्रें मुख्य, मजकूर गौण. पण मजकूर असा कांहीं अंगीं आला कीं, चित्रें त्याच्या मागून चालूं लागलीं. आमच्या नाशिकांत तेंच झालें. टिळकांच्या चरित्राला जोड म्हणून जें मागितलें होतें, त्यांत टिळक आहेतच, पानोपानीं आहेत. परंतु वाचक थांबतो तो सांगणारीसाठीं.

येथें रमाबाई रानड्यांच्या पुस्तकाची आठवण होते. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं बाहेर पडलें. तेंहि थोर पतीच्या मागें राहिलेल्या पत्नीनें लिहिलेलें, आणि तें फार सुंदर आहे. पण त्यांत रमाबाई सदैव माधवरावांच्या एक पायरी खालीं उभ्या राहून बोलतात. लक्ष्मीबाई तशा राहत नाहींत. टिळकांवर त्यांचें अलोट प्रेम. तरी टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचा राग, त्यांची उधळपट्टी त्या झांकीत नाहींत, आणि स्वतःचें अज्ञान व हट्ट तर मुळींच झांकीत नाहींत. जो संसार त्यांनीं डोळ्यांत पाणी आणून केला, तो त्यांनीं हंसत सांगितला आहे. हें धैर्य एकदम आलें असेल असें मला वाटत नाहीं. माझी अशी समजूत आहे कीं, तें हप्त्यागणिक आलें. पहिल्या अंकांत मनुष्य जपून बोलतो. आपलें बोलणें लोकांना गोड लागतें असें दिसलें, म्हणजे तो मोकळा होतो. भाजीबाजारांतल्या त्या गृहस्थामुळें माझ्यासारख्या सामान्याची लेखणी हलली, तर बाईंच्या लेखणीला वाचकांच्या प्रीतीनें केवढा वेग आला असेल!

शिवाय हें नाशिक होतें, हेंहि विसरतां कामा नये. ज्या गांवांत सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आलेलें, तेथें वाचणारांची वाण नव्हती. आणि बाईंना ओळखणारीं माणसें याच गल्ल्यांतून वावरत होतीं. एका टिळकांच्या धर्मांतरानें ज्या समाजांत एवढें वादळ उठविलें, त्याच समाजाच्या ओसरीवर बसून ही बाई आपल्या माहेरच्या सोवळ्याच्या गोष्टी सांगत होती, आणि तो समाज हंसत, डोळे पुशीत ऐकत होता. तिच्या मुखीं त्या समाजाची निंदा नव्हती. भाषा तीच होती, जी त्यांच्या आयाबहिणी बोलत. धर्म बदलला, पण बोलणें जलालपूरचेंच राहिलें. दुरावलेल्या माहेराशीं बाईंचें असें बोलणें पुन्हां सुरू झालें, तें या छापील हप्त्यांनीं. काव्यानें तें साधलें नसतें, आणि चरित्रानें तर नाहींच नाहीं.

नियतकालिकाचे अंक वाण्याच्या पुडीला जातात; म्हणून हे लेख पुस्तकरूपानें निघाले, हें आपलें भाग्य. ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. बाई तेव्हां सहासष्ट वर्षांच्या होत्या. लागोपाठ पुढचे भाग येऊं लागले. ई. जोसेफिन इंक्स्टर यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर ‘आय फॉलो आफ्टर’ या नांवानें ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें १९५० सालीं काढलें, आणि २०१७ सालीं शांता गोखले यांचें नवें भाषांतर आलें. जोडाक्षरांना भिणाऱ्या बाईचें बोलणें असें सातासमुद्रांपलीकडे गेलें. भाषांतरांत तिचा नाशिकी ठसका किती उतरला, हा निराळा प्रश्न. माझ्या मतें तो उतरण्यासारखा नाहीं, पण प्रयत्न करणारांचे आपण ऋणी आहों.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं छापून निघालें, तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ‘स्मृतिचित्रें’चा चौथा, अखेरचा भागहि त्यांच्या मागूनच वाचकांच्या हातीं पडला. ज्या घरांतून हप्त्यामागून हप्ता येत होता, त्या घरीं जाऊन “पुढें काय झालें?” असें विचारावें, तर सांगणारी आतां तेथें नव्हती.